न्यू ऑर्लिन्समध्ये दोघांचा लाँग वीकेंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टन, डॅलस, अटलांटाकडची मराठी जोडपी न्यू ऑर्लिन्सला निघाली की तेच ते प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवलंय. वेळा आणि दर बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी त्या त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर नजर टाका. माझं एक ठाम मत आधीच सांगून टाकते: या गावात आधी जेवणं ठरवायची आणि बघायच्या जागा त्यांच्या अधेमधे बसवायच्या. उलटं केलंत तर दमाल आणि खाणंही धड होणार नाही.

१. तीन दिवस पुरतात का?

पुरतात, शहराबाहेर पडला नाहीत तर. शुक्रवारी दुपारी पोचून सोमवारी दुपारी निघालात की तीन रात्री मिळतात. शुक्रवारी संध्याकाळी फ्रेंच क्वार्टर, म्हणजे गावाचा जुना भाग, पायी आणि रात्री फ्रेंचमेन स्ट्रीटवर गाणं. शनिवारी स्ट्रीटकारने (ट्रामने) गार्डन डिस्ट्रिक्ट, मग मॅगझिन स्ट्रीटवरची दुकानं. रविवारी सिटी पार्क. सोमवारी सकाळी बेन्ये (पिठीसाखर घातलेले तळलेले चौकोनी पाव) खाऊन परत.

दुसऱ्या महायुद्धाचं राष्ट्रीय संग्रहालय बघायचं असेल तर जवळजवळ अख्खा दिवस जातो, मग यातलं काहीतरी कापा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स बोटी या गावातल्या, म्हणून ते संग्रहालय इथे आहे.

२. कोणता लाँग वीकेंड निवडावा?

माझं मत मार्टिन ल्यूथर किंग दिनाला, म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारच्या वीकेंडला. कार्निव्हलचा हंगाम ६ जानेवारीला सुरू झालेला असतो, बेकऱ्यांमध्ये जांभळा-हिरवा-सोनेरी किंग केक आलेला असतो, पण मोठ्या मिरवणुका आणि त्यांच्यासोबत चढणारे खोलीभाडे अजून यायचे असतात. स्वेटर मात्र हवा. २१ जानेवारी २०२५ ला, त्या वीकेंडला लागूनच, इथे विक्रमी बर्फ पडला होता. तसं वारंवार होत नाही, पण नदीवरचा वारा बोचतो.

प्रेसिडेंट्स डेला जपून. मार्दी ग्रा, म्हणजे कार्निव्हलचा शेवटचा दिवस, ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो, त्यामुळे तो दरवर्षी सरकतो आणि पुष्कळदा याच वीकेंडच्या आसपास येतो. २०२६ मध्ये मार्दी ग्रा १७ फेब्रुवारीला होता, म्हणजे प्रेसिडेंट्स डेच्या दुसऱ्याच दिवशी. मिरवणुकाच बघायच्या असतील तर कित्येक महिने आधी बुकिंग करा. शांतता हवी असेल तर त्या दिवसांत फिरकू नका.

मेमोरियल डेला उकाडा सुरू झालेला असतो आणि क्रॉफिशचा (प्रश्न ६ पाहा) हंगाम संपत आलेला असतो. ४ जुलैच्या सुमाराला एसेन्स या संगीत महोत्सवाची गर्दी. लेबर डेला चिकट उकाडा, वादळांचा मोसम (प्रश्न १८ पाहा) आणि त्याच वीकेंडला सदर्न डेकेडन्स हा एलजीबीटी समुदायाचा मोठा जल्लोष. जल्लोष आवडत असेल तर धमाल येते. थँक्सगिव्हिंगला हवा उत्तम, फक्त गुरुवारच्या जेवणाची सोय आधी करून ठेवा.

जोडून सुट्टी घेता येत असेल तर या सगळ्या सरकारी सुट्ट्या विसरा आणि एप्रिलमधल्या फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हलला या. गाणं फुकट, आणि गावातली नामांकित हॉटेलं उघड्यावर स्टॉल मांडून बसतात.

३. गाडीने यावं की विमानाने?

ह्यूस्टनहून साधारण ३५० मैल, साडेपाच-सहा तास, सरळ आय-१० ने. वाटेत अचाफलाया खोऱ्यावरचा १८ मैलांचा पूल लागतो, तो दिवसाउजेडी पार करा. बॅटन रूजच्या पुलावर शुक्रवारी संध्याकाळी गाडी अडकतेच, तेव्हा सकाळी लवकर निघा. अटलांटाहून सात तास, डॅलसहून आठेक. याहून लांब असाल तर विमानच बरं.

ह्यूस्टनहून येणारी सनसेट लिमिटेड ही रेल्वे आठवड्यातून तीनच दिवस धावते, त्यामुळे वीकेंडच्या वेळापत्रकात ती बसवणं अवघड. अटलांटाहून येणारी क्रेसेंट रोज असते, पण दिवसभर बसावं लागतं.

४. गाडी आणली तर गावात ती लागते का?

लागत नाही, उलट ती डोक्याला ताप होते. फ्रेंच क्वार्टरमध्ये पार्किंग महाग, गल्ल्या एकेरी आणि खड्डे असे की गावकरी त्यावर विनोद करतात. हॉटेलात लावा आणि निघेपर्यंत विसरून जा.

फिरायला पाय आणि स्ट्रीटकार. सेंट चार्ल्स मार्गावर १८३५ पासून सेवा चालू आहे, जगातली सलग चालणारी ही सर्वांत जुनी स्ट्रीटकार. भाडं सव्वा डॉलर, दिवसाचा पास ३ डॉलर. रोख देणार असाल तर सुटे ठेवा, चालक परत पैसे देत नाही. हिरव्या डब्यांत लाकडी बाकं आहेत आणि एसी नाही, खिडकी वर सरकवून बसायचं. ओकच्या फांद्या जवळजवळ हाताला लागतात, आणि त्यांच्यावर गेल्या मिरवणुकीतल्या मण्यांच्या माळा तशाच लटकत असतात. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गर्दी असते, सकाळी जा.

५. राहायचं कुठे? बर्बन स्ट्रीटवर बाल्कनीची खोली मिळतेय, घेऊ का?

नको. पहाटे तीनपर्यंत खालून ढोल आणि आरडाओरडा, सकाळी सहाला कचऱ्याच्या गाड्या आणि पाण्याचे फवारे. बाल्कनी हवीच असेल तर क्वार्टरच्या एस्प्लनेड अव्हेन्यूकडच्या अर्ध्या भागात, शांत गल्लीत बघा. तिथून फ्रेंचमेन स्ट्रीटही पायी पाच-दहा मिनिटांवर. दुसरा पर्याय वेअरहाउस डिस्ट्रिक्ट: मोठी हॉटेलं, चांगली जेवणाची ठिकाणं, क्वार्टर चालत. तिसरा, सेंट चार्ल्स मार्गावरची जुन्या घरांमधली छोटी हॉटेलं. वाढदिवस वगैरे असेल तर मी हाच घेईन.

घर भाड्याने घेत असाल तर जाहिरातीत परवाना क्रमांक आहे ना बघा. या बाबतीत शहराचे नियम कडक आहेत आणि क्वार्टरच्या बहुतेक भागात असं भाड्याने देता येत नाही.

६. पहिल्यांदाच येतोय. खायचं काय, ते सरळ सांगा.

पहिल्या दिवशी गंबो, इथला दाट रस्सा. याचा पाया म्हणजे रू. तेलात मैदा घालून मंद आचेवर सतत हलवत राहायचं, बेसनाच्या लाडवासाठी बेसन भाजतो तसं, पण खमंग वासाच्याही बरंच पुढे जाऊन थेट गडद चॉकलेटी रंगापर्यंत. हात थांबला आणि काळे ठिपके दिसले की सगळं ओतून देऊन पुन्हा पहिल्यापासून. मग त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. ही त्रयी इथल्या जवळपास प्रत्येक रश्शात असते. पुढे कोंबडी आणि आंदुई हे डुकराच्या मांसाचं धुरावलेलं सॉसेज, नाहीतर कोळंबी-खेकडे आणि भेंडी. वाडग्यात मूठभर भात घालून देतात. एका ठिकाणी आवडला नाही म्हणून सोडू नका, प्रत्येक घरचा वेगळा असतो.

दुसरं पो'बॉय: वरून कुरकुरीत, आतून कापसासारखा पाव आणि त्यात तळलेली कोळंबी किंवा कालवं. १९२९ च्या स्ट्रीटकार संपात मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना फुकट सँडविच दिली, तिथून हे नाव आलं असं सांगतात. मागवताना 'ड्रेस्ड?' असं विचारतील, म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, लोणच्याची काकडी आणि मेयोनीज घालू का. 'हो' म्हणा. पार्कवे किंवा डोमिलीजला जा, आणि दोघांत एक घ्या.

तिसरं मफलेटा, सिसिलीहून आलेल्या लोकांचं. ताटलीएवढा गोल पाव, आत मांसाचे काप, चीज आणि ऑलिव्हचं चुरचुरीत लोणचं. सेंट्रल ग्रोसरी १९०६ पासून विकते. अर्धा दोघांना पुरतो.

मार्च ते मे असेल तर क्रॉफिश, शेवंडीचं गोड्या पाण्यातलं धाकटं भावंड. मसाल्याच्या पाण्यात मका-बटाट्याबरोबर उकडून कागदावर ओततात. डोकं पिळून वेगळं करायचं, शेपटीचं कवच सोलायचं, डोक्यातला रस चोखायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आणि बेन्ये. कॅफे दु माँद १८६२ पासून आहे. एका बशीत तीन, वर पिठीसाखरेचा डोंगर, सोबत चिकोरीची दुधाळ कॉफी. काळे कपडे नकोत. घास तोंडाजवळ नेताना हसलात की समोरच्याचा शर्ट पांढरा. जॅक्सन चौकाजवळच्या दुकानातली रांग बघून घाबरलात तर सिटी पार्कमधल्या शाखेत जा.

७. क्रिओल आणि केजन यांत फरक काय?

ढोबळ मानाने, क्रिओल शहराचं आणि केजन खेड्यांचं. क्रिओलमध्ये फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी सगळे हात लागलेत. लोणी, टोमॅटो, सॉस. केजन हे १७५५ नंतर कॅनडातल्या अकेडियातून हुसकावलेल्या फ्रेंचभाषक लोकांचं, लाफायेतच्या बाजूचं, एका भांड्यातलं जेवण. न्यू ऑर्लिन्स मुळात क्रिओल गाव, त्यामुळे 'अस्सल केजन' अशी पाटी क्वार्टरमध्ये दिसली की मी पुढे चालायला लागते.

८. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी राहणार नाही, पण नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. इथे मांस दिसत नाही तिथेही असतं. रेड बीन्स अँड राइस समोर आला की राजमा-भात म्हणून जीव सुखावतो, पण त्यात डुकराचं खारवलेलं मांस किंवा सॉसेज शिजलेलं असतं. पालेभाज्यांत हॅम. कॉर्नब्रेडमध्ये कधी डुकराची चरबी. पाल्याच्या गंबोचं, गंबो झर्बचं, नाव ऐकून फसू नका, बहुतेक स्वयंपाकघरांत त्यातही मांस असतं. तेव्हा प्रश्न असा विचारा: यात मांसाचा किंवा माशाचा स्टॉक, सॉसेज, लार्ड (डुकराची चरबी) काही आहे का? आणि तळणीचं तेल वेगळं आहे का? पो'बॉयच्या दुकानात फ्राइज आणि कोळंबी बऱ्याचदा एकाच तेलात उतरतात. हे चालत नसेल तर तळलेलं टाळाच.

मग खायचं काय? फ्राइजचा पो'बॉय असतो, पण त्यावर बीफची ग्रेव्ही घालतात. 'ग्रेव्ही नको' हे दोनदा सांगा. अंडं चालत नसेल तर मेयोनीजही नको. तळलेले हिरवे टोमॅटो कोळंबीशिवाय मागा. मध्यपूर्वेकडच्या पद्धतीची हॉटेलं पुष्कळ आहेत, फलाफल आणि हुमसवर एक जेवण निघतं. १९७५ नंतर इथे मोठी व्हिएतनामी वस्ती झाली, त्यामुळे टोफूचं बान्ह मी (व्हिएतनामी सँडविच) छान मिळतं, फक्त फिश सॉस नको म्हणून सांगा. मॅगझिन स्ट्रीटवरचं सॅफ्रन हे भारतीय हॉटेल लुइझियानाच्या चवीशी खेळतं. घरचं खाणं हवंय म्हणून नव्हे, तिथे मुद्दाम जावं असं ते आहे.

जुन्या मोठ्या हॉटेलांत रिझर्व्हेशन करतानाच शाकाहारी असल्याचं लिहा. आयत्या वेळी सांगितलंत तर उकडलेल्या भाज्यांची बशी येते, आधी सांगितलंत तर शेफ मन लावून करतो.

जैन असाल, कांदा-लसूण नको असेल, तर स्थानिक जेवणाचा नाद सोडा. त्रयीतच कांदा आहे. आणि मधेच संकष्टी आली तर रताळं सगळीकडे मिळतं, भाजलेलं मागा आणि त्यावर काही घालू नका म्हणा. रात्री चंद्रोदयानंतर बेन्ये आहेतच.

९. मासे चालतात, पण बीफ आणि पोर्क नाही. मग सोपं ना?

बरंच सोपं. पण सीफूड गंबोतही कधी सॉसेज पडतं, जांबलाया या मसालेदार भातात तर हमखास. भाजलेली कालवं मागवा: शिंपल्यातच लोणी, लसूण, चीज घालून जाळावर. ड्रॅगोजने ती प्रसिद्ध केली. कच्ची कालवं उन्हाळ्यात मी टाळते. गरोदर असाल किंवा यकृताचा त्रास असेल तर कोणत्याही महिन्यात नकोच. विचारायचे प्रश्न वर ८ मध्ये आहेत.

१०. रिझर्व्हेशन किती आधी? कपडे कसे?

लाँग वीकेंडला नावाजलेल्या जागी महिनाभर आधी. दोन जेवणं ठरवा, बाकीची मोकळी सोडा. मी यातलं एक गार्डन डिस्ट्रिक्टमधल्या कमांडर्स पॅलेसच्या जॅझ ब्रंचला देईन. तिथे शॉर्ट्स, टी-शर्ट, चपला चालत नाहीत. नवरोबांना हे निघायच्या आधी सांगा, हॉटेलच्या दारात नको. गलत्वार्सला संध्याकाळी पुरुषांना जॅकेट लागतं.

डूकी चेजचं नाव यादीत हवंच. १९४१ पासूनचं हॉटेल. नागरी हक्क चळवळीतले नेते वरच्या मजल्यावर बैठका घ्यायचे, आणि लीआ चेज यांनी नव्वदीतही तिथलं स्वयंपाकघर सोडलं नव्हतं. रविवार-सोमवारी बंद, त्यामुळे शुक्रवार किंवा शनिवार धरा.

११. सोमवारी सगळं बंद असतं म्हणे?

सगळं नाही, पण बरीच छोटी हॉटेलं सोमवार-मंगळवारी बंद ठेवतात. सोमवार हा रेड बीन्सचा दिवस. पूर्वी सोमवारी कपडे धुवायचे, तेवढ्या वेळात बीन्स मंद आचेवर आपोआप शिजायच्या. धुणं यंत्रात गेलं तरी वार राहिला. शाकाहाऱ्यांनी आधी ८ वाचावं.

१२. रस्त्यावर दारूचा ग्लास घेऊन फिरता येतं, हे खरं?

खरं. फक्त काच नको, प्लास्टिकचा पेला हवा. बारमधून निघताना उरलेली ओतून घ्यायला पेला मागा, देतात. वय २१, आणि ओळखपत्र हवं. अमेरिकी लायसन्स नसेल तर पासपोर्ट जवळ ठेवा. गाडीत उघडा पेला ठेवणं हा वेगळा मामला आहे, ते करू नका.

१३. आम्ही दोघंही पीत नाही. मग मजा येईल का?

येईल. बर्बन स्ट्रीटवर न पिणाऱ्याला दहा मिनिटांत कंटाळा येतो आणि पिणाऱ्याला सकाळी पश्चात्ताप होतो, ती गल्ली एकदा बघून सोडा. गाणं, खाणं, नदी यांना दारू लागत नाही. प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये तर बारच नाही (पुढचा प्रश्न). मार्च ते ऑक्टोबर असाल तर हॅन्सेन्स स्नो-ब्लिझमध्ये रांग लावा: १९३९ पासूनचं दुकान, स्वतः बनवलेल्या यंत्रावर पिंजलेला बर्फ आणि घरची सरबतं.

१४. जॅझ कुठे ऐकायचा?

एक संध्याकाळ प्रिझर्व्हेशन हॉल. १९६१ पासून, लहानशी जुनाट खोली, बाकं आणि जमिनीवरच्या गाद्या, फोटो काढायला मनाई. सुमारे पाऊण तासाचा कार्यक्रम, तिकीट आधी घ्या. ट्रम्बोनवाला इतका जवळ असतो की नळी पुढे सरकली की पहिल्या रांगेतला माणूस मान मागे घेतो.

बाकी रात्री फ्रेंचमेन स्ट्रीट. एस्प्लनेड ओलांडलं की लागतो. दारातून ऐकत चला, आवडलं तिथे आत शिरा. बऱ्याच ठिकाणी प्रवेश फुकट, पण प्रत्येकाने निदान एक पेय घ्यावं अशी अपेक्षा असते, सोडा चालतो. मधेच बादली फिरते, तीत पाच-दहा डॉलर टाका. वादकांचं घर त्यावर चालतं.

१५. सुरक्षित आहे का?

मोठ्या शहरात घेतो ती काळजी घ्या, आणि रात्री उशिरा दोन चौकांसाठीही टॅक्सी करा. १ जानेवारी २०२५ ला बर्बन स्ट्रीटवर गर्दीत गाडी घुसवून हल्ला झाला, तेव्हापासून तिथे बंदोबस्त वाढला आहे. तुम्हाला भेटण्याची जास्त शक्यता आहे ती बूटवाल्याची. तो म्हणतो, "हे बूट कुठे मिळाले ते मी सांगतो, लावा वीस डॉलरची पैज." उत्तर: "तुमच्या पायात, बर्बन स्ट्रीटवर." मग वीस डॉलर मागतो. हसून चालायला लागा, थांबू नका.

१६. कब्रस्तान बघायचं म्हणतो, विचित्र नाही ना?

अजिबात नाही. पण सेंट लुई क्रमांक १, म्हणजे १७८९ चं सर्वांत जुनं, २०१५ पासून परवानाधारक गाईडशिवाय बघता येत नाही. थडगी जमिनीच्या वर, घरांसारखी ओळीने. एकाच थडग्यात पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात: किमान एक वर्ष आणि एक दिवस झाल्यावर जुने अवशेष मागे सारायचे आणि नव्याला जागा द्यायची. सकाळची वेळ घ्या, आत सावली नाही.

१७. प्लँटेशन (जुना मळा आणि वाडा) की स्वॉम्प (दलदल) टूर? दोन्ही जमेल?

एकच, तेही चौथी रात्र असेल तर. प्लँटेशन बघायचं तर व्हिटनी. तिथे वाड्याचं कौतुक होत नाही, गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांची हकिकत सांगतात. मंगळवारी बंद. ओकच्या रांगेखाली लग्नाच्या वाढदिवसाचे फोटो काढायचे असतील तर सिटी पार्कमध्ये काढा, ओक तिथेही शेकडो वर्षांचे आहेत. स्वॉम्पमध्ये थंडीत मगरी फारशा दिसत नाहीत. पैसे वाचवायचे तर बाराटारिया राखीव क्षेत्रातल्या फळ्यांच्या वाटेवर फुकट चालता येतं.

१८. तिकिटं काढली आणि वादळाचा इशारा आला. आता?

मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, खरा जोर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. कॅट्रिना आणि आयडा दोन्ही २९ ऑगस्टच्या, २००५ आणि २०२१ सालच्या. या काळातलं बुकिंग परतावा मिळणारंच करा. नाव असलेलं वादळ आखातात शिरलं की रद्द करा, 'बघू काय होतं' नको. वीज गेली तर कित्येक दिवस येत नाही. तिथे असताना शहर सोडायचा आदेश निघाला तर त्याच तासाला निघा.

नुसता पाऊस असेल तर घाबरू नका. निम्मं शहर समुद्रसपाटीच्या खाली असल्यामुळे पाणी पंपांनीच उपसावं लागतं, तासभर रस्ते तुंबतात. पुलाखालच्या खोलगट रस्त्यात गाडी घालू नका. क्वार्टर नदीकाठच्या उंचवट्यावर आहे, तिथे त्रास कमी.

१९. प्रपोज करायचंय. जागा सुचवा, पण फिल्मी नको.

सिटी पार्कमधला सिंगिंग ओक. मोठ्या झाडात वेगवेगळ्या आकाराच्या वाऱ्यावर वाजणाऱ्या नळ्या टांगल्यात, सुरात लावलेल्या, काळ्या रंगवलेल्या, म्हणून चटकन दिसत नाहीत. कामाच्या दिवशी सकाळी गर्दी नसते. दुसरी जागा, अल्जिअर्सची फेरी: कनाल स्ट्रीटच्या टोकाहून, दोन डॉलर, सूर्यास्ताच्या जरा आधी. अंगठी खिशात चेन लावून ठेवा, डेकवर वारा असतो. मिसिसिपीत पडलं ते गेलं.

२०. आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना आणलं तर दोघांच्या सहलीचा विचका होईल?

नाही, पण आखणी बदला. स्ट्रीटकार, सिटी पार्कमधली फुकट शिल्पबाग, बेन्ये आणि नदीवरची फेरी त्यांना आवडते. क्वार्टरचे फुटपाथ उखडलेले आहेत, आईंना साडीवर बूट घालायला लावा. बर्बन स्ट्रीट दिवसा एकदा, पटकन. रात्री त्यांना हॉटेलवर सोडून तुम्ही फ्रेंचमेनला जा, ते स्वतःच 'जा तुम्ही' म्हणतील.

२१. परतताना विमानात काय नेता येतं?

प्रलीन, म्हणजे पेकान आणि साखरेच्या वड्या, हातातल्या बॅगेत चालतात. हॉट सॉसची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी असेल तर चेक-इन सामानात. कॉफीचा डबा आणि बेन्येचं पीठ शक्यतो तिथेच टाका, सुरक्षा तपासणीत पिठं उघडायला लावतात. मफलेटा केबिनमध्ये नेता येतो. कागदातून ऑलिव्हचं तेल झिरपतं, दोन पिशव्यांत बांधा आणि आडवा ठेवा.